एकही जुना खेळाडू नाही, तरी पहिले पाच कोण ते सांगायचं! केंटकीच्या 'स्टार्टिंग फाइव्ह'चं गणित कसं जुळलं?

आयपीएलचा मेगा लिलाव झाला की दुसऱ्याच दिवशी काय होतं हे सगळ्यांना माहितीय. प्रत्येक टीमची संभाव्य प्लेइंग इलेव्हन फिरायला लागते. कुणाला ओपनिंगला पाठवायचं, कोणते चार परदेशी खेळवायचे, यावर मॅचच्या कितीतरी महिने आधी कमेंटमध्ये भांडणं लागतात. अमेरिकेत हाच खेळ कॉलेज बास्केटबॉलच्या बाबतीत चालतो. सीझन सुरू होतो नोव्हेंबरमध्ये आणि चर्चा सुरू होते एप्रिल-मेमध्ये. विषय एकच असतो, पहिल्या मॅचला कोर्टवर उतरणारे पाच जण कोण?

पण आयपीएलमध्ये निदान दोन-चार खेळाडू रिटेन तरी होतात. २०२४ साली केंटकी विद्यापीठाच्या चाहत्यांसमोर त्याहून अवघड पेपर होता. मागच्या सीझनचा स्कॉलरशिपवर खेळणारा एकही खेळाडू संघात उरला नव्हता.

केंटकीमध्ये झालं काय होतं?

केंटकी म्हणजे कॉलेज बास्केटबॉलमधलं बडं प्रस्थ. आठ राष्ट्रीय विजेतेपदं आणि लेक्सिंग्टन शहरात वीस हजारांवर प्रेक्षक बसतील एवढं रप अरीना. राज्यात एनबीएची टीम नाही, एनएफएलची नाही. त्यामुळे तिथल्या बऱ्याच घरांमध्ये विद्यापीठाचा संघ म्हणजेच राज्याचा संघ.

मार्च २०२४ मध्ये हा संघ राष्ट्रीय स्पर्धेत, म्हणजे 'मार्च मॅडनेस'मध्ये, पहिल्याच फेरीत ओकलंडकडून ८०-७६ असा हरला. ओकलंडला १४वं मानांकन होतं, त्यामुळे राज्यात संताप उसळला. पुढच्याच महिन्यात १५ वर्षं कोच असलेले जॉन कॅलिपारी आर्कान्सॉला निघून गेले. रीड शेपर्ड आणि रॉब डिलिंगहॅम एनबीएत गेले, ड्राफ्टमध्ये तिसऱ्या आणि आठव्या क्रमांकावर. काही जण कोचच्या मागोमाग आर्कान्सॉला गेले, उरलेल्यांनी दुसरी कॉलेजं धरली.

नवे कोच आले मार्क पोप. १९९६ साली केंटकीनं विजेतेपद मिळवलं तेव्हा हेच कॅप्टन होते. मध्ये डॉक्टरकी शिकायला कोलंबिया विद्यापीठात गेले, ते शिक्षण अर्धवट सोडून कोचिंगमध्ये आले आणि केंटकीला येण्याआधी पाच वर्षं युटामधल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाचे, म्हणजे बीवाययूचे कोच होते. हाती रिकामी यादी आणि पहिल्या मॅचला सात महिनेसुद्धा नाहीत, अशी त्यांची सुरुवात होती.

अख्खा संघ असा रिकामा होतो कसा?

त्यामागे नियमांमधले बदल आहेत. पूर्वी खेळाडूनं कॉलेज बदललं की त्याला साधारण एक वर्ष बाहेर बसावं लागायचं, त्यामुळे फारसं कुणी हलायचं नाही. २०१८ मध्ये 'ट्रान्स्फर पोर्टल' आलं. ही एक ऑनलाइन यादी आहे. खेळाडूनं त्यात नाव टाकलं की दुसऱ्या कॉलेजचे कोच त्याच्याशी बोलू शकतात. २०२१ मध्ये एकदा कॉलेज बदलून लगेच खेळायची मुभा मिळाली आणि २०२४ पासून, अभ्यासाच्या अटी पूर्ण करत असाल तर, कितीही वेळा. त्यात १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर जाहिरातींमधून पैसे कमवायची परवानगी मिळाली.

वरून एनबीएचा नियम आहेच. शाळा संपल्यावर एक वर्ष थांबल्याशिवाय ड्राफ्टमध्ये जाता येत नाही. म्हणून सगळ्यात हुशार पोरं एक वर्ष कॉलेजात खेळतात आणि जातात.

परिणाम असा, की पूर्वी सांगायचं असायचं एवढंच, की गेलेल्या दोघांच्या जागी बेंचवरचे कोणते दोघं येतील. आता कधीच एकत्र न खेळलेल्या दहा-बारा जणांमधून पाच निवडायचे असतात, आणि त्यांचे आकडे वेगवेगळ्या लीगमधले असतात.

मग अंदाज लावायचा कशावरून?

सगळ्यात सोपी चूक म्हणजे मागच्या सीझनची पॉइंट्सची सरासरी बघायची आणि वरचे पाच उचलायचे. हे का चालत नाही, ते साध्या हिशेबातून कळतं. कॉलेजची मॅच ४० मिनिटांची. कोर्टवर एका वेळी पाच जण. म्हणजे कोचकडे वाटायला एकूण २०० मिनिटं असतात. दहा खेळाडू आधीच्या कॉलेजात प्रत्येकी ३० मिनिटं खेळत असतील, तर त्यांची मागणी होते ३०० मिनिटांची. शंभर मिनिटं कुणाच्या तरी खात्यातून कापली जाणारच.

चेंडूचंही तसंच. पाच जणांत तो एकच असतो. जुन्या संघाचे चार हल्ले झाले की त्यातला एक स्वतः संपवायची सवय असलेले पाच जण एकत्र आणले, तर बेरीज १२५ टक्के होते. त्यामुळे बघायचं ते हे, की चेंडू हातात नसताना हा माणूस संघाच्या काय कामाचा आहे.

शिवाय ते पॉइंट्स कुणाविरुद्ध काढलेत, हाही प्रश्न आहेच. छोट्या लीगमध्ये बारा पॉइंट्सची सरासरी असलेला खेळाडू मोठ्या लीगमध्ये आठवर येऊ शकतो. केन पॉमरॉय किंवा बार्ट टॉर्विक यांच्यासारख्या विश्लेषकांच्या वेबसाइट यासाठीच वाचल्या जातात. प्रतिस्पर्धी किती ताकदीचा होता हे धरून ते आकडे दुरुस्त करतात.

पण सगळ्यात जास्त बोलतो तो कोचचा इतिहास. चाहते नेमके इथेच घसरतात. आपला आवडता खेळाडू कोण हे ते बघतात, कोचला कसा खेळाडू लागतो हे बघत नाहीत. पोप यांची बीवाययूची टीम देशात सर्वाधिक थ्री पॉइंटर मारणाऱ्या संघांपैकी एक होती. त्यांचा सेंटर अली खलिफा हा बास्केटखाली उभा राहून धक्काबुक्की करणारा नव्हता. तो बाहेर उभा राहून पास द्यायचा आणि बाकीचे धावत आत शिरायचे. केंटकीचे पाच शोधताना सगळ्यात उपयोगी धागा हाच होता.

आता एकेक जागा बघू

सेंटरच्या जागेसाठी दोघं होते. ब्रँडन गॅरिसन ओक्लाहोमा स्टेटकडून, म्हणजे मोठ्या लीगमधून आलेला, शाळेत असताना देशातल्या अव्वल खेळाडूंमध्ये गणला गेलेला. दुसरा अमारी विल्यम्स, इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचा, सात फूट उंच, डावखुरा, पण ड्रेक्सेलसारख्या छोट्या लीगमधल्या कॉलेजातून आलेला. आपल्या लीगमध्ये सलग तीन वर्षं तो सर्वोत्तम बचावपटू ठरला होता. नाव बघितलं तर गॅरिसन. पण विल्यम्सची पासिंग त्याच्या उंचीच्या माणसात क्वचित सापडते अशी होती. खलिफा आठवला की उत्तर मिळत होतं, विल्यम्स.

पॉवर फॉरवर्डची जागा जवळपास ठरलेलीच होती. वेक फॉरेस्टचा अँड्र्यू कार, ६ फूट ११ इंच आणि तरी बाहेरून थ्री मारणारा. सेंटर स्वतः बाहेरून मारत नसेल तर बाजूला असाच माणूस लागतो.

पॉइंट गार्डसाठी आधी आला एस्टोनियाचा केर क्रिसा. चांगला पासर, चांगला शूटर, अनुभवी. नंतर लमाँट बटलर आला. २०२३ च्या फायनल फोरमध्ये शेवटच्या क्षणी बास्केट करून सॅन डिएगो स्टेटला ७२-७१ असं फायनलमध्ये नेणारा तो हाच. बटलरचं खरं भांडवल मात्र बचाव. बाकीचे चौघं पॉइंट्स काढू शकत असतील तर समोरच्या गार्डला रोखणारा आधी लागतो, या हिशेबानं बटलर पुढे होता.

खरी डोकेफोड उरलेल्या दोन जागांची. दावेदार तीन होते.

पहिला जॅक्सन रॉबिन्सन. बीवाययूमध्ये पोप यांच्याच हाताखाली खेळलेला, एनबीए ड्राफ्टमधून नाव मागे घेऊन त्यांच्यामागे केंटकीत आलेला. त्याची गंमत अशी, की बीवाययूचा सर्वाधिक पॉइंट्स काढणारा खेळाडू तोच होता, सरासरी १४.२, पण बहुतेक मॅचना तो बेंचवरून यायचा. त्याला त्याच्या लीगचा सर्वोत्तम 'सिक्स्थ मॅन', म्हणजे सर्वोत्तम सहावा खेळाडू, हा पुरस्कारही मिळाला होता.

दुसरा डेटनचा कोबी ब्रेया. २०२३-२४ मध्ये थ्री पॉइंटरच्या अचूकतेत तो देशात पहिला होता, ४९.८ टक्के. म्हणजे लांबून मारलेले जवळपास निम्मे शॉट आत. आणि हाही आपल्या लीगचा 'सिक्स्थ मॅन' पुरस्कार घेऊनच आलेला.

तिसरा ओक्लाहोमाचा ओटेगा ओवे. सरासरी ११.४ पॉइंट्स. अंगानं मजबूत, बचावात चिवट, चेंडू पळवण्यात पटाईत. पण शूटर म्हणून या दोघांइतकं नाव नाही.

थ्री मारण्यावर उभ्या असलेल्या कोचच्या संघात देशातला सगळ्यात अचूक शूटर बाहेर बसेल? ऐकायला पटत नाही. पण ब्रेयाला घ्यायचं तर बचावाचा भार बटलर आणि विल्यम्सवर पडणार होता. शिवाय ब्रेयाला बेंचवरून येऊन लगेच शॉट मारायची सवय होती, आणि सगळ्यांना ती जमत नाही. काही शूटरना लय सापडायला दहा मिनिटं लागतात.

नोव्हेंबरमध्ये काय दिसलं?

४ नोव्हेंबर २०२४ ला राइट स्टेटविरुद्ध पहिली मॅच झाली. उतरले बटलर, ओवे, रॉबिन्सन, कार आणि विल्यम्स. ब्रेया बेंचवर. केंटकी १०३-६२ नं जिंकलं.

आठवडाभरातच ड्यूकशी सामना होता. ड्यूककडे कूपर फ्लॅग, पुढच्या वर्षी ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेला. हाफ टाइमला केंटकी ९ पॉइंट्सनी मागे. शेवटी ७२-७२ अशी बरोबरी असताना ओवेनं फ्लॅगच्या हातून चेंडू काढून घेतला आणि केंटकीनं ७७-७२ अशी मॅच मारली. ओवेला पहिल्या पाचांत का ठेवलं, हे पोप यांना वेगळं सांगावं लागलं नाही.

उन्हाळ्यातली आकडेमोड ज्याच्या बाबतीत सगळ्यात कमी पडली तोही ओवेच. सीझन संपला तेव्हा १६.२ च्या सरासरीनं संघात सर्वाधिक पॉइंट्स त्याचे होते. आपल्या जुन्या कॉलेजविरुद्ध, ओक्लाहोमाविरुद्ध, त्यानं दोनदा शेवटच्या क्षणी विजयी बास्केट केलं आणि दोन्ही वेळा केंटकी एका पॉइंटनं जिंकलं. जुन्या संघात माणसाला जे काम दिलेलं असतं तेवढंच आकड्यांत दिसतं. नव्या संघात तो काय करू शकेल, हे त्यातून कळत नाही.

आणि हे पाच जण तरी किती टिकले? डिसेंबरमध्ये क्रिसाचा पाय मोडला. जानेवारीत बटलरच्या खांद्याला आणि कारच्या पाठीला त्रास. रॉबिन्सनचं मनगट असं दुखावलं, की मार्चमध्ये ऑपरेशन करावं लागलं आणि त्याचा सीझन संपला. या पडझडीत ब्रेया पहिल्या पाचांत आला. २४ विजय आणि १२ पराभव, राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या १६ संघांपर्यंत मजल आणि तिथे टेनेसीकडून ७८-६५ अशी हार. २०२५ च्या एनबीए ड्राफ्टमध्ये या संघातले दोघं निवडले गेले, ब्रेया ४१व्या क्रमांकावर आणि विल्यम्स ४६व्या. म्हणजे दोघांतला पहिला गेला तो, सीझनच्या पहिल्या मॅचला बेंचवर बसलेला.

अख्ख्या संघाचे अंदाजही असेच गडगडतात. त्याच सीझनच्या आधी असोसिएटेड प्रेसच्या यादीत कॅन्सस पहिल्या क्रमांकावर होतं. ते राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्या फेरीतच बाहेर पडलं, तेही कॅलिपारींच्या आर्कान्सॉकडून. विजेता ठरलेला फ्लोरिडा त्या यादीत २१वा होता.

एवढं महत्त्व तरी कशाला?

तसं बघितलं तर मॅच सुरू करणाऱ्या पाचांपेक्षा शेवटच्या पाच मिनिटांत कोर्टवर असणारे पाच जास्त महत्त्वाचे. कोचही हेच सांगतात. पण खेळाडूसाठी प्रश्न वेगळा आहे. कॉलेजात खेळायला साधारण चारच सीझन मिळतात. पोर्टलमध्ये नाव टाकलेला मुलगा कॉलेज निवडताना हाच अंदाज लावत असतो, की तिथे माझ्या जागेवर आधीच कोण आहे आणि माझ्यानंतर अजून कुणाला आणणार आहेत. चाहत्याचा अंदाज चुकला तर चार टोमणे ऐकावे लागतात. मुलाचा चुकला तर एक वर्ष बेंचवर जातं. २०२५-२६ पासून कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, सगळे खेळ मिळून वर्षाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. त्यामुळे त्या एका वर्षाची किंमत आता डॉलरमध्येही मोजली जाते.

केंटकीच्या त्या संघात ट्रॅव्हिस पेरी नावाचा पहिल्या वर्षाचा मुलगा होता. केंटकीतल्या मुलांच्या शालेय बास्केटबॉलमध्ये सर्वाधिक पॉइंट्सचा विक्रम त्याच्या नावावर. घरचा पोरगा म्हणून राज्यभर कौतुक झालेला. त्याच्या पुढे बटलर होता, क्रिसा होता, ब्रेया होता. दुखापतींमुळे त्याला काही मॅचमध्ये संधी मिळाली, पण सीझन संपल्यावर त्यानंही पोर्टलमध्ये नाव टाकलं आणि तो मिसिसिपीतल्या ओल मिस विद्यापीठात गेला. केंटकीत तोवर पुढच्या नोव्हेंबरच्या पाचांची चर्चा सुरू झाली होती.