मे महिन्यात मुलांना बालनाट्याला न्याच!

सुट्टीत नाट्यगृहांत सकाळ-दुपारी बालनाट्यांचे प्रयोग लागतात. माझी पहिली पसंती रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'ला. यातली चेटकीण पूर्वी दिलीप प्रभावळकरांनी गाजवली. २०१८ मध्ये चिन्मय मांडलेकरांच्या दिग्दर्शनात नाटक पुन्हा आलं, तेव्हा वैभव मांगले चिंची चेटकीण झाले. मुलं खुर्चीवर उभी राहून तिला ओरडून उत्तरं देतात. कुठल्याही ॲनिमेशनपटात ही मजा नाही, असं माझं ठाम मत आहे. फार लहान मुलं अंधाराला बिचकतात, त्यांच्यासाठी कडेची खुर्ची घ्या. दादरच्या शिवाजी मंदिरात गेलात, तर मध्यंतरात बटाटवडा हवाच. आणि तिकिटं आधी काढा, शनिवार-रविवारी गर्दी असते.