२७० की २८५?

ॲम्बेसेडर आठवते ना? मागच्या सीटवर पाच जणांना कोंबून लग्नाला नेणारी? २०१४ मध्ये ती बंद पडली. तिच्यात वर्षानुवर्षं जे १,४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन होतं, त्याच ब्रिटिश 'बी सिरीज' घराण्यातलं थोरलं भावंड म्हणजे एमजीबी या स्पोर्ट्स कारचं १,७९८ सीसीचं इंजिन. नोकरीनिमित्त बर्मिंगहॅमला आल्यावर मी १९७२ ची एमजीबी जीटी घेतली. तिचं बॉनेट उघडलं तेव्हा परक्या गावात गाववाला भेटावा तसं झालं!

आता तिच्या कॅमशाफ्टचे लोब झिजलेत. इंजिन खोलायचंच आहे, नवा कॅम घ्यायचाच आहे, मग थोडा 'फास्ट' का नको? ही खाज सगळ्यांनाच सुटते.

कॅमशाफ्ट म्हणजे अंडाकृती उंचवट्यांचा दांडा. क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो आणि व्हॉल्व्ह कधी, किती आणि किती वेळ उघडायचा ते ठरवतो. इंजिनचा स्वभावच म्हणा ना! एमजीबीचा मूळ कॅम २५२ अंशांचा. म्हणजे क्रँक तेवढे अंश फिरेपर्यंत व्हॉल्व्ह उघडा. कॅटलॉगमध्ये पुढे २७० येतो, मग २८५. मोबाईल घेताना मेगापिक्सेल बघायची सवय असलेला आपल्यासारखा माणूस लगेच २८५ वर बोट ठेवतो.

थांबा. आरपीएम जास्त असताना आत शिरणाऱ्या मिश्रणाला जोर असतो. पिस्टन वर यायला लागला तरी ते आत घुसत राहतं, म्हणून व्हॉल्व्ह उशिरा मिटलेला बरा. कमी आरपीएमला मात्र तेच मिश्रण पिस्टन उलटं बाहेर ढकलतो. म्हणजे वरची ताकद मिळते ती खालची देऊन. फुकट काही नाही, बॉस!

त्यात या इंजिनची स्वतःची एक खोड आहे. सिलिंडर चार, पण मिश्रण आत येण्याचे पोर्ट फक्त दोन. एक आणि दोन नंबरला मिळून एक, तीन आणि चारला मिळून एक. चाळीत दोन बिऱ्हाडांना एकच नळ असावा तसं. फायरिंगचा क्रम १-३-४-२. म्हणजे तीनचं इनटेक सुरू झालं की १८० अंशांनी लगेच शेजारच्या चारचं. दोननंतर एकचंही तेच. मूळ कॅमवरच दोन्ही बिऱ्हाडं ७२ अंश एकदम नळावर असतात. २८५ टाकलात की १०५ अंश! एकाच्या बादलीतलं पाणी दुसरा पळवणार. म्हणून या इंजिनात कॅमच्या मागे फार धावण्यापेक्षा हेडचं काम नीट करून घेणं शहाणपणाचं, असं माझं ठाम मत आहे.

ऑफिसमधल्या एका मित्राच्या एमजीबीत २८५ आहे. सिग्नलला गाडी अशी धडधडते की शेजारचे काच खाली करून बघतात. साडेतीन हजारांच्या वर ती अक्षरशः वेडी होते. पण त्याच्याखाली? गर्दीत सेकंड गिअरमध्ये नुसते गचके. तो महिन्यातून एकदा ट्रॅकवर जातो, त्याला ती शोभते.

माझं काय? रोज अकरा मैल ऑफिस, वाटेत सिग्नलच सिग्नल. रविवारी बायकोला घेऊन कॉट्सवोल्ड्सच्या गावांमधून भटकंती. मोटरवेवर ओव्हरड्राइव्ह टाकला की ७० मैलांच्या वेगाला इंजिन तीन हजारांच्या थोडंच वर फिरतं. सत्तरी ओलांडलेल्या माझ्या गॅरेजवाल्याने एकच प्रश्न विचारला, "गेल्या महिन्यात पाच हजारांच्या वर किती वेळा गेलास?" दोनदा. तेही मित्राला दाखवायला.

२७० ऑर्डर केला.

बजेट मांडताना मात्र नुसत्या कॅमची किंमत धरू नका. नव्या कॅमवर जुने टॅपेट अजिबात चालत नाहीत, तेही नवेच हवेत. टायमिंग चेन नवी. व्हॉल्व्ह स्प्रिंग नव्या लिफ्टला पुरतात का, ते तपासायचं. कॅम बसवताना खुणेला खूण जुळवून भागत नाही, डायल गेज लावून अंश मोजायचे. कार्ब्युरेटरच्या सुया आणि इग्निशनही नव्याने लावायचं. आणि ऑइल जुन्या इंजिनांसाठीचं, भरपूर झिंक असलेलं २०डब्ल्यू-५०. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला त्रास नको म्हणून आजच्या बऱ्याच ऑइलमध्ये झिंक कमी केलेलं असतं आणि सपाट टॅपेटला ते मानवत नाही.

सगळ्यात नाजूक असतात ती पहिली वीस मिनिटं. इंजिन सुरू झाल्या झाल्या दोन हजारांच्या वर ठेवायचं, आयडलवर सोडायचं नाही. कॅमला तेल मिळतं ते बरचसं क्रँकने उडवलेलं, इंजिन रेंगाळलं की तेवढंही नाही. नवे लोब इथेच जमतात नाहीतर कायमचे जातात. पुढच्या शनिवारी सकाळी दहाचा मुहूर्त आहे. शेजारच्या आजींना आधीच सांगून ठेवलंय, वीस मिनिटं आवाज होईल. त्या म्हणाल्या, "मी खुर्ची घेऊन येते."