सकाळची ८.०४ आणि रेचेलची गोष्ट

गाडीच्या खिडकीतून रोज दिसणाऱ्या एखाद्या घराबद्दल तुम्ही मनातल्या मनात कधी गोष्ट रचलीय? पॉला हॉकिन्सच्या ‘द गर्ल ऑन द ट्रेन’ (२०१५) मधली रेचेल तेच करते. नोकरी गेलीय, पण घरातल्या मैत्रिणीला कळू नये म्हणून ती रोज ८.०४ ची लंडनची गाडी पकडते. सिग्नलला गाडी थांबली की रुळालगतच्या घरातलं जोडपं बघते. त्यांना मनानेच नावंही देते, जेस आणि जेसन.

मग एक दिवस ती ‘जेस’ गायब होते. त्या रात्री रेचेल त्याच भागात होती. डोक्याला जखम आहे, आणि दारूमुळे काहीच आठवत नाही!

पोलिसांचा तिच्यावर विश्वास नाही. आपलाही बसत नाही. मी तर अर्ध्या पुस्तकातच तिला गुन्हेगार ठरवून मोकळी झाले होते. पण गंमत बघा, नशेत ती कशी वागली हे तिला दुसरेच सांगतात आणि ती निमूट मान्य करते. बेवडीचं कोण ऐकणार? आपणही त्याच ‘दुसऱ्यां’त सामील झालोय, हे उशिरा कळतं. तेव्हा जाम ओशाळायला होतं.

तिघीजणी आलटून पालटून बोलतात, तेव्हा प्रत्येक प्रकरणावरची तारीख नीट बघा. आणि सिनेमा नंतर, प्लीज. त्यात तर गोष्ट थेट न्यूयॉर्कला नेलीय.