आग्नेयेकडे न पाहणारी डिश

आमच्या सोसायटीच्या गच्चीवरच्या सगळ्या डिश आग्नेयेकडे तोंड करून उभ्या आहेत. एकच पश्चिमेकडे, जरा नैर्ऋत्येला कलून पाहते. तिच्यावर मालिका दिसत नाहीत. ती २५.९ अंश पूर्व रेखांशावरच्या एस्हेल-२ या कतारी उपग्रहाकडे लावलेली आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये सोडलेल्या या उपग्रहात टीव्ही वाहिन्यांच्या यंत्रणेबरोबर हौशी रेडिओवाल्यांसाठीही दोन ट्रान्स्पाँडर बसवले आहेत. एक आवाज आणि मोर्ससाठी, दुसरा टीव्हीसाठी. हॅम मंडळी, म्हणजे हेच हौशी रेडिओवाले, या उपग्रहाला क्यूओ-१०० म्हणतात. इस्रोचा हॅमसॅट (२००५) काही मिनिटांत डोक्यावरून निघून जायचा. हा मात्र जागचा हलत नाही, आणि ब्राझीलपासून थायलंडपर्यंतचा मुलूख त्याच्या टप्प्यात येतो.

डिश लावायचं काम दोघांचं. मित्र शिडीवर, मी लॅपटॉपसमोर. पुण्याहून हा उपग्रह क्षितिजापासून जेमतेम ३२ अंशांवर येतो आणि ऑफसेट डिश मुळातच तिरकं पाहते, म्हणून ती जवळजवळ उभीच ठेवावी लागते. बघणाऱ्याला वाटतं, समोरच्या इमारतीवरच रोखली आहे. त्याहून खोडकर प्रकार एलएनबीचा, म्हणजे डिशसमोर बसवलेल्या, लहरी पकडणाऱ्या डबीचा. उपग्रह इतका पश्चिमेला, की एलएनबी जागच्या जागी सुमारे ६५ अंश फिरवावा लागतो; नाहीतर उभ्या आणि आडव्या लहरींची सरमिसळ होते. त्याला १३ व्होल्ट दिले की उभ्या लहरी, म्हणजे माणसांचे आवाज. १८ दिले की आडव्या, म्हणजे चित्रं. लॅपटॉपच्या पडद्यावर सिग्नलचा वॉटरफॉल आलेख सरकत राहतो, नुसता निळा गोंगाट. मित्र केसभर हलवतो. अचानक बीकनची, म्हणजे उपग्रहावरून येणाऱ्या खुणेच्या सिग्नलची, रेघ उमटते आणि मी ओरडतो, "थांब! आता हात लावू नकोस!"

मग ऊन छळतं. आमच्या एलएनबीत २५ मेगाहर्ट्झच्या स्फटिकाची कंपनं ३९० पट करून ९,७५० मेगाहर्ट्झ मिळवलेले असतात. स्फटिक दहा लाखांत एक भाग सरकला तरी जवळजवळ १० किलोहर्ट्झचा फरक पडतो, आणि माणसाचा आवाज मावतो ३ किलोहर्ट्झच्या आत. ढग आला, ऊन पडलं, की बोलणारा कधी चिरकतो, कधी खर्जात जातो, कधी पडद्यावरून सरकत नाहीसाच होतो. शेवटी सॉफ्टवेअरला बीकनचा खुंटा धरायला लावायचा, मग सगळं जागेवर राहतं.

या उपग्रहावरचा शिष्टाचार मला फार आवडतो. बीकनपेक्षा मोठ्याने बोलायचं नाही. कुणी जोर लावलाच, तर जमिनीवरची यंत्रणा नेमकी त्याच्याच आवाजावर भोंगा वाजवते. (वृत्तवाहिन्यांवरच्या चर्चांना ही सोय उसनी द्यायला हवी.) बोलणाऱ्याला स्वतःचा आवाजही पाव सेकंदाने परत ऐकू येतो, त्यामुळे नवख्याची जीभ हमखास अडखळते.

टीव्हीची गंमत वेगळी. व्यापारी उपग्रह वाहिन्यांचा प्रवाह सेकंदाला पावणेतीन कोटी चिन्हांचा असतो. हॅम मंडळी अनेकदा ३ लाख ३३ हजारांत भागवतात. डीटीएचचा डबा इतक्या मंद सिग्नलला दाद देत नाही, वेगळा रिसीव्हर लागतो. एवढा खटाटोप करून दिसतं काय? कॉलसाइन लिहिलेली पाटी, यंत्रांनी भरलेलं टेबल, चष्मा सावरत कॅमेऱ्याकडे बघणारे एखादे आजोबा. गाणी नाहीत, जाहिराती नाहीत. हॅम परवान्यात दोन्हींना जागा नाही. लोकांसाठी कार्यक्रम प्रसारित करणं तर नियमातच बसत नाही. दोघांना एकमेकांचं तोंड दिसलं की झालं, आणि पुढचा प्रश्न ठरलेला असतो: माझं चित्र किती डीबीने येतंय? इतका कंटाळवाणा टीव्ही मी एवढा टक लावून कधी पाहिलेला नाही.

हे सगळं ऐकण्या-बघण्यापुरतं झालं. बोलायचं किंवा स्वतःचं चित्र पाठवायचं असेल, तर केंद्राच्या दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. १२ वर्षं पूर्ण झालेल्यांना ती देता येते, आणि रिस्ट्रिक्टेड श्रेणीसाठी मोर्स यावं लागत नाही.