विद्युत मोटारसायकलीतील तारदोषांचा शोध

विद्युत टॅक्सी, रिक्षा आदी वाहनांना एकत्र आणणारा देशातील पहिला प्रकल्प २६ मे २०१७ रोजी नागपूर येथे सुरू झाला. त्यानंतरच्या काळात विजेवर चालणारी दुचाकी शिक्षक, ग्रामसेवक व लहान व्यापारी यांच्याही दारी आली. असे वाहन अडले की बॅटरी गेली किंवा कंट्रोलर जळला, असे निदान घाईने केले जाते. हे दोन्ही भाग महाग आहेत. दोष मात्र पुष्कळदा एखाद्या सैल जोडाचा किंवा तुटलेल्या तारेचाच असतो.

विदर्भाचे हवामान तारांना मानवणारे नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा उन्हात उभ्या वाहनातील तारांची आवरणे कडक होतात. पुढे पावसाळ्यात जोडांत पाणी शिरून तांब्यावर हिरवट थर चढतो. हँडलच्या मानेजवळ तारा रोज वाकतात व आवरणाच्या आत तुटतात. बाहेरून काही दिसत नाही. त्यात जादा दिवे व भोंगे बसविण्यासाठी मूळ तार सोलून नुसता पीळ देण्याची पद्धत आहे. ती सर्वांत घातक म्हटली पाहिजे.

तपासणीचा आरंभ लक्षणांवरून करावा. सर्वच निर्जीव असेल तर मुख्य एमसीबी, फ्यूज आणि बॅटरीचा जोड प्रथम पाहावा. दिवे व भोंगा चालू असून चाक फिरत नसेल तर ब्रेकची कळ, साइड स्टँडची कळ आणि वेग देणारी मूठ यांच्या तारांकडे वळावे. ब्रेकची कळ आत अडकून राहिली तर ब्रेक दाबलाच आहे, असे समजून कंट्रोलर मोटारीला प्रवाह देत नाही. चाक थरथरून जागीच अडत असेल तर मोटारीच्या तीन जाड तारा किंवा चाकाची स्थिती कळविणाऱ्या हॉल संवेदकाच्या बारीक तारा संशयास्पद ठरतात. वीज बंद असताना हबमोटारीचे चाक हाताने जड फिरत असेल तर त्या तीन जाड तारा कंट्रोलरपासून सोडवाव्यात. चाक मोकळे झाले तर दोष कंट्रोलरमध्ये. जडच राहिले तर मोटारीत किंवा तिच्या तारांत.

येथे मल्टिमीटरही फसवू शकतो, हे ध्यानात घेतले पाहिजे. वाहन उभे असताना सैल जोडाच्या पलीकडेही पूर्ण ७२ व्होल्ट दिसतात, कारण प्रवाह जवळजवळ वाहतच नसतो. समजा, त्या जोडाचा रोध केवळ ०.०५ ओहम आहे. चढावर ४० अँपिअर प्रवाह वाहू लागला की तेथे २ व्होल्ट खर्ची पडतात आणि ८० वॅट उष्णता निर्माण होते. लहानशा जोडाला वितळविण्यास एवढी उष्णता पुरेशी आहे. म्हणून भार असताना जोडाच्या दोन्ही बाजूंना मीटरची टोके लावून मोजणी करावी. चांगल्या जोडावर आकडा शून्याच्या आसपास राहतो. नुसते चाक उचलून फिरविल्याने पुरेसा भार पडत नाही. मोजणीची सोय नसल्यास दहा मिनिटे वाहन चालवावे, मग वीज तोडून कोणता जोड पिवळा पडला आहे वा इतरांहून अधिक तापला आहे, हे पाहावे. तापलेल्या जोडाला थेट बोट लावू नये.

हाताळणीपूर्वी किल्ली काढून, एमसीबी पाडून बॅटरीचा जोड सोडवावा आणि कंट्रोलरमधील साठलेली वीज ओसरण्यास काही मिनिटे द्यावीत. बोटातील अंगठी आधीच काढलेली बरी. मीटरची तार अँपिअरच्या छिद्रात असताना टोके बॅटरीला लावल्यास मोठी ठिणगी उडते. फ्यूज उडाला म्हणून त्याऐवजी तांब्याची तार गुंडाळणे म्हणजे तो दोष आगीच्या स्वाधीन करणे होय. २०२२ मध्ये देशात विद्युत दुचाकींना लागलेल्या आगींनंतर केंद्र शासनाने बॅटरीची सुरक्षा मानके कडक केली. ती १ डिसेंबर २०२२ व ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाली. मानके बॅटरीची आहेत. गल्लीत दिलेला पीळ त्यांच्या कक्षेत येत नाही.

बॅटरीची मोहरबंद पेटी मात्र गावातील कारागिराने उघडू नये. पुराच्या पाण्यात बुडालेले वाहन कोरडे दिसले तरी अधिकृत तपासणी होईपर्यंत चार्जिंगला लावू नये व घरापासून दूर, मोकळ्या जागी उभे करावे.