तेलगळती, मोटरसायकल एंजिनातील
मोटरसायकलच्या एंजिनातील वंगण तेल सांध्यांतून, फिरत्या दंडांभोवतीच्या रोधक कड्यांतून (ऑइल सीलमधून) किंवा कवचाच्या भेगेतून बाहेर झिरपण्याच्या दोषास तेलगळती म्हणतात. भारतात सर्वत्र आढळणाऱ्या सु. १०० घ. सेंमी. क्षमतेच्या चार धावांच्या एंजिनात तेल जेमतेम १ लि. असते आणि तेच दट्ट्या, झडपा, क्लच व दंतचक्रे यांना पुरवावे लागते. गळतीकडे दुर्लक्ष झाल्यास तेलाची पातळी खुणेखाली जाऊन दट्ट्या सिलिंडरात जखडतो. मागील चाकावर तेल उडाल्यास गाडी घसरून अपघात संभवतो.

वऱ्हाडात या दोषाला हवामानाची व मातीची जोड मिळते. अकोला व अमरावती जिल्ह्यांत उन्हाळ्यात तापमान ४५° से.च्या पुढे जाते. हवेने थंड होणारे एंजिन अशा वेळी, विशेषतः ओझे लादून मंद वेगाने चालताना, फार तापते. तेल पातळ होते व कड्यांचे रबर कालांतराने कडक होते. काळ्या मातीची धूळ तेलावर बसून पापुद्रा धरते. त्यामुळे शीतनपंखे झाकले जाऊन एंजिन आणखी तापते आणि गळतीचे मूळही दृष्टीआड होते.

शोध : तेल जेथे ठिबकते तेथेच ते गळते, हा समज बहुतेक चुकीच्या दुरुस्त्यांचे कारण आहे. तेल उताराने खाली व धावत्या गाडीच्या वाऱ्याने मागे जाते. हीरो होंडा सीडी १०० (१९८५) व स्प्लेंडर (१९९४) यांसारख्या, सिलिंडर जवळजवळ आडवा असलेल्या एंजिनांत सिलिंडरशीर्षाच्या सांध्यातील तेल कवचाखालून वाहत निचरा बोल्टापर्यंत पोहोचते आणि दोष त्या बोल्टाला दिला जातो. म्हणून थंड एंजिन प्रथम रॉकेल व ब्रशाने धुऊन पूर्ण कोरडे करावे. संशयित भागावर टाल्कम पावडरीचा पातळ थर द्यावा (रांगोळी वापरू नये, तिचे खरखरीत कण सांध्यात शिरतात). गाडी मधल्या स्टँडवर दहा-पंधरा मिनिटे चालवून व नंतर थोडी फेरी मारून पाहिल्यास सर्वांत वरचा व पुढचा ओला डाग गळतीची जागा दाखवितो. पुढील साखळीचक्राजवळचा चिकटा पुष्कळदा साखळीच्या वंगणाचाच असतो, हेही ध्यानात ठेवावे.

एकाच वेळी अनेक सांधे पाझरू लागल्यास गॅस्केटांना हात लावण्यापूर्वी तेलाची पातळी व श्वसननळी तपासावी. दट्ट्याच्या कड्यांजवळून निसटणारे वायू या नळीने बाहेर पडतात. जुन्या गाड्यांत तिचे तोंड उघड्यावर असते. पावसाळ्यात ते चिखलाने बुजते आणि काळी माती वाळली की दगडासारखी घट्ट होते. क्वचित कुंभारमाशीही तेथे घर करते. वायू कोंडून दाब वाढला की तेल मिळेल त्या सांध्यातून बाहेर येते. नळी मोकळी केल्यावर अशी गळती पुष्कळदा विनाखर्च थांबते. बिडाच्या एंजिनाच्या जुन्या बुलेटमध्ये, गाडी बरेच दिवस उभी राहिल्यास टाकीच्या कप्प्यातील तेल पंपातून भुजादंडाच्या कोठीत उतरते व सुरू करताच श्वसननळीतून फेकले जाते. ही सांध्यांची गळती नव्हे.

दुरुस्ती : झाकणाचे स्क्रू अधिक आवळणे हा सर्वांत प्रचलित व सर्वांत घातक उपाय होय. ॲल्युमिनियमचे आटे तुटतात, झाकण वाकते आणि गळती वाढते. जुने गॅस्केट लाकडी वा प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडून काढावे. पेचकसाने पडलेला ओरखडा हीच पुढची गळती ठरते. नवे गॅस्केट बसवून स्क्रू समोरासमोरच्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत, निर्मात्याने सांगितलेल्या पिळापर्यंतच आवळावेत. सांधे भरण्याचा लेप सढळ हाताने लावल्यास त्याचे तुकडे तेलाच्या जाळीत अडकून पुरवठा तुटतो. गिअर किंवा किकच्या दंडावरील रोधक कडे बदलताना दंडावर झिजेची खाच पडली आहे का ते पाहावे. खाच असल्यास नवे कडेही गळते. निचरा बोल्टाखालचा वॉशर प्रत्येक तेलबदलास नवा घालावा. आटे गेले असल्यास तारेची आटेदार वेटोळी बसविता येतात. कवचाला तडा असल्यास ते उतरवून आर्गॉन वायूच्या आवरणाखाली वितळजोड करावा लागतो. वरून लावलेली एपॉक्सी लुगदी गाडी घरी नेण्यापुरतीच उपयोगी पडते. गळती थांबावी म्हणून अधिक दाट तेल घालण्याची रीत वऱ्हाडाच्या उन्हातही समर्थनीय नाही, कारण थंड एंजिन सुरू होताना असे तेल झडपांपर्यंत उशिरा पोहोचते आणि कडक झालेले कडे मात्र तसेच राहते.