कुंडीतले वाळवंट

घरातली झाडे नेहमी तहानेनेच मरतात असे नाही. काही आपल्या मायेने बुडून मरतात. याचे ठळक उदाहरण म्हणजे अडेनियम.

याला ‘वाळवंटी गुलाब’ म्हणत असले तरी गुलाबाशी याचे नाते नाही. हे आपल्या कण्हेरीच्या आणि चाफ्याच्या कुळातले. सहाराच्या दक्षिणेचा पट्टा, पूर्व आफ्रिका आणि दक्षिण अरबस्तान हे त्याचे माहेर. लिनिअसचा शिष्य पेटर फोर्सकाल याने त्याचे वर्णन लिहिले आणि १७६३ साली तो येमेनमध्येच वारला. सहप्रवासी कार्स्टेन नीबुर त्याच वर्षी मुंबईस पोहोचला. मित्राचा ग्रंथ त्याने पुढे १७७५ मध्ये प्रसिद्ध केला.

आता याच्या फुगीर बुंध्याकडे पाहा. ती पाण्याची कोठी होय. पाऊस पडला की झाड ती भरते. कोरडे दिवस आले की पाने गाळून खर्च आवरते. पानगळ म्हणजे मरण नव्हे, ती काटकसर आहे. आपण मात्र घाबरून तांब्यावर तांब्या ओततो. पाने नसताना झाड पाणी फारसे ओढत नाही. माती ओली राहते, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात.

म्हणून परीक्षा बोटाने करावी. बुंधा टणक असेल तर झाड खुशाल आहे. बुंधा मऊ आणि माती कोरडी, तर तहान समजावी. बुंधा मऊ आणि माती ओली, तर कूज समजावी व पाणी तत्काळ थांबवावे.

कुंडीला तळाशी भोक हवेच. मातीत भरड वाळू व विटांचे बारीक तुकडे सढळ हाताने मिसळावेत. खिडकी वा सज्जा भरपूर उन्हाचा असावा. सावलीत फूल धरत नाही. पावसाळ्यात कुंडी आडोशाला घ्यावी, थंडीत पाणी अगदी बेताने द्यावे. डौलदार बुंधा हवा असेल तर बियांपासून वाढवलेले रोप निवडावे. फांदीच्या कलमाला तसा बुंधा सहसा येत नाही.

एक इशारा मात्र विसरू नये. याचा चीक विषारी आहे. आफ्रिकेत तो बाणांना लावीत. छाटणीनंतर हात धुवावेत, कुंडी लहान मुलांच्या व जनावरांच्या हाती-तोंडी लागू देऊ नये.

सारांश, या झाडाला पाण्याइतकीच आपल्या संयमाची गरज आहे. देणे पुष्कळांना जमते. केव्हा थांबावे हे कळणे, हीच खरी बागाईत.